दोन हॉर्न

"तुमचा बेल्ट ओरडतोय," मागून कोणीतरी म्हणालं.

चहाचा ग्लास हातात धरून मी वळलो. साठी उलटलेला, उंच, किडकिडीत माणूस माझ्या पिकअपच्या बॉनेटवर वाकून उभा होता. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तसला हिरवा चष्मा.

"ओरडू दे की," मी म्हटलं. "वर्षभर ओरडतोय."

"घाटात तुटला म्हणजे? पाना आहे का?"

मी सीटखालून पाना काढून दिला. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या, चष्मा असूनही डोळे मिटून घेतले आणि निव्वळ हातानं चाचपत दोन मिनिटांत बेल्ट आवळला. "चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपला होतो," हात पुसत ते म्हणाले. "बघायला लागत नाही. सायमन बारदेस्कर. आजऱ्याचा."

मीही नाव सांगितलं. पिराजी सुतार, गडहिंग्लज. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. स्वतःची पिकअप होती आणि आठवड्यातून तीन दिवस एका ट्रान्सपोर्टचा माल घेऊन मी वाघतळीच्या घाटानं कोकणात उतरायचो. औषधं, पुस्तकांचे गठ्ठे, मिक्सर, चपला, लोकांनी मागवलेलं काय काय. तो ऑक्टोबरचा महिना होता. सकाळी सातला निघालो तेव्हा गडहिंग्लजला कडक ऊन होतं. आजऱ्याच्या पुढे चार थेंब आले, परत ऊन पडलं आणि वाघतळीला, म्हणजे घाटाच्या तोंडाशी पोचलो तर असलं धुकं, की ज्या टपरीवर आम्ही चहा पीत होतो तिची पाटीसुद्धा खाली उभं राहून वाचता येत नव्हती.

"एक काम होतं," सायमन म्हणाले. आवाज थोडा खाली आला. "गाडी आमची मिसेस चालवतेय. माझे डोळे हे असे. तिला लायसन मिळून चारच महिने झालेत. धुक्यात कधी चालवली नाही. तुमच्या मागे मागे आलो तर चालेल?"

"या की. त्यात काय?"

"तुमच्या लाल लाइटकडे बघत येईल ती. फक्त मध्ये कुठं थांबणार असलात, तर आधी दोनदा हॉर्न द्या. म्हणजे ती ब्रेकवर पाय ठेवेल."

"देतो. दोनदा देतो."

"नक्की?"

"अहो, रोजचा रस्ता आहे माझा," मी हसलो.

ते मला त्यांच्या गाडीपाशी घेऊन गेले. जुनी, पांढरी, लहान गाडी. आत पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. इंजिन बंद होतं, तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. मागच्या सीटवर झाकणाची बांबूची टोपली आणि तिच्यात दोन कोंबड्या.

"फिलोमिना, हे पिराजी. हे पुढे राहणार. थांबायचं असलं की दोन हॉर्न."

"थँक यू हं भाऊ," त्या म्हणाल्या. मराठी अगदी शाळेतल्या बाईंसारखं, स्वच्छ. नंतर कळलं, त्या शाळेतच होत्या. "सावंतवाडीला मुलीकडे चाललोय. उद्या नातीचा बाप्तिस्मा आहे. मुलगी सांगत होती, एसटीनं या, गाडी काढू नका. पण ह्यांना कोंबड्या घेऊन एसटीत बसायचं नव्हतं."

"गावठी आहेत," सायमन म्हणाले. "तिकडे मिळत नाहीत असल्या."

"तिकडे पण मिळतात," बाई म्हणाल्या, आणि दोघं हसले.

आम्ही निघालो.

पहिली चार-पाच वळणं मी नीट सांभाळली. प्रत्येक वळणानंतर आरशात बघायचो. दोन पिवळे ठिपके दिसले की पुढे जायचो, नाही दिसले तर वेग कमी करायचो. एका ठिकाणी धुकं एकदम फाटलं आणि सगळं कोकण खाली उघडं पडलं. भातखाचरं, नदी, लांब कुठंतरी एक चमकती पत्र्याची शेड. ऊन थेट काचेवर आलं. आरशात बघतो तर बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून मला हलवला. मीही हलवला. पुढच्या वळणाला पुन्हा धुक्यात शिरलो आणि त्या धुक्यातच पाऊस सुरू झाला. आडवा, वाऱ्याचा पाऊस.

तेवढ्यात मागून फटाफट आवाज यायला लागला. ताडपत्री सुटली होती.

वरच्या थराला औषधांचे खोके होते. ते भिजले तर माल परत, आणि वर ट्रान्सपोर्टवाल्याच्या शिव्या. माझ्या डोक्यात एवढंच होतं. पुढच्या वळणाला जुना रस्ता फुटतो हे मला माहीत होतं. नवा रस्ता उजवीकडे वळतो आणि जुना डावीकडे सरळ जाऊन पंधरा-वीस पावलांवर संपतो; कधीतरी दरडीबरोबर त्याचा पुढचा भाग दरीत गेला होता. तोंडाशी मोकळी जागा होती, आम्ही गाडीवाले तिथं थांबायचो. डोंगराच्या कडेला चिकटून गाडी लावायची, दरीच्या बाजूला जायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे आम्हाला, रोजच्यांना.

मी गाडी आत घेतली, डोंगराला चिकटवून लावली. लाइट बंद केली. चावी फिरवली. उडी मारून मागे गेलो आणि ताडपत्रीचा दोर ओढायला लागलो.

दोराची गाठ मारत होतो तेव्हा इंजिनाचा आवाज आला. हळू, पहिल्या गिअरमधला. कोणीतरी आत आलंय, एवढंच मनात आलं. मग माझ्यापासून हातभर अंतरावरून ती पांढरी गाडी गेली. वायपर चालू होते. सायमनचा हिरवा चष्मा मला दिसला. ते समोर बघत होते, जरासे पुढे वाकून, काहीतरी शोधत असल्यासारखे.

आणि मग गाडी नव्हती.

ब्रेकचा आवाज नाही, किंकाळी नाही. मागचे दोन लाल दिवे एकदम वर उचलले गेले आणि विझले. त्यानंतर रिकामे डबे भरलेलं पोतं कोणी जिन्यावरून सोडावं तसा आवाज, थांबून थांबून, तीनदा. मग पाऊस.

माझ्या हातात दोर तसाच होता. मी गाठ पुरी मारली. खरंच मारली. गाठ मारून झाल्यावर मला आठवलं.

हॉर्न.

मी ओरडत कडेपर्यंत गेलो. खाली काही दिसत नव्हतं. "सायमनभाऊ! ओ बाई!" धुक्यातून माझाच आवाज बसका होऊन परत येत होता. तेवढ्यात गवत हललं आणि कडेवरून एक कोंबडी वर आली. भिजलेली, मान ताठ. ती माझ्या पायाजवळून चालत रस्त्याच्या मधोमध गेली आणि तिथं उभी राहून अंग झाडायला लागली. मी तिच्याकडे बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग हातपाय चालायला लागले. मारलेली गाठ सोडली, दोर पिकअपच्या हुकाला बांधला आणि धरून उतरलो. वीस-पंचवीस फुटांवर एका जांभळीच्या बुंध्यात गाडी आडवी अडकली होती. बाई खालच्या बाजूला, बेशुद्ध, कपाळ फुटलेलं. सायमन वरच्या बाजूला, पण त्यांचे पाय पुढच्या पत्र्यात दाबले गेले होते. चष्मा गेला होता. लाल डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत होते.

मला बघून ते म्हणाले, "तुम्ही पण पडलात काय?"

मी त्यांच्या बाजूचं दार ओढून बघितलं.

"लाइट दिसेनाशी झाली तुमची," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही गेलात खाली. तुम्हाला लागलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "मला काही झालं नाही."

"बरं झालं. आधी तिला काढा."

वर एसटीचा हॉर्न ऐकू आला. माझ्या ओरडण्यानं बस थांबली होती. ड्रायव्हर, कंडक्टर, सात-आठ उतारू दोर धरून खाली आले. एका बाईनं बॅगेतलं लुगडं काढून दिलं, त्याची झोळी केली आणि फिलोमिनाबाईंना वर घेतलं. मागून आलेल्या जीपनं त्यांना लगेच सावंतवाडीकडे नेलं. सायमनना काढायला पाऊण तास लागला. पत्रा वाकवायला पहार नव्हती; एसटीचा जॅक लावून तो वर उचलला. तो जॅक कुठं लावायचा ते सायमननीच सांगितलं. "तिथं नाही, जरा डावीकडे. तिथं पत्रा जाड असतो." तोपर्यंत ते शुद्धीवर होते.

मी पिकअपमधले खोके रस्त्यावर फेकले. सगळे. औषधं, पुस्तकं, सगळं पावसात. मोकळ्या हौद्यात ताडपत्री अंथरली आणि त्यांना ठेवलं. गवस नावाचा कंडक्टर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला. मी घाट उतरायला लागलो. एवढ्या वेगात तो घाट मी कधी उतरलो नव्हतो, आणि सगळा वेळ हॉर्नवर हात. एका वळणानंतर दुसऱ्या वळणाला वाजवत होतो. समोर कोणी नव्हतं तरी वाजवत होतो.

घाट संपता संपता धुकं सुटलं. ऊन एवढं होतं की डोळे बारीक करावे लागले. रस्ता कोरडा, धुळीचा. तिथं पावसाचा टिपूसही पडला नव्हता. कडेला पोरं क्रिकेट खेळत होती.

मागून केबिनवर थाप पडली. एकदा, मग पुन्हा एकदा. मी वेग कमी करून मागच्या जाळीतून बघितलं. गवसनं टोपी काढली होती.

"हळू चला आता," तो म्हणाला. "घाई राहिली नाही."

पोलीस ठाण्यात फौजदारांनी मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. माझे कपडे चिखलानं आणि रक्तानं भरलेले होते. गवस त्यांना आधीच सगळं सांगून गेला होता: एकटा माणूस दोर धरून उतरला, माल रस्त्यावर टाकून दिला, स्वतःच्या गाडीतून घेऊन आला.

"तुमच्यासारखी माणसं कमी आहेत," फौजदार म्हणाले. मग वही उघडली. "तुम्ही तिथं कशाला थांबला होता?"

"ताडपत्री सुटली होती."

"ते तुमच्या मागे येत होते, हे तुम्हाला माहीत होतं?"

एवढा सोपा प्रश्न होता तो.

"नाही साहेब," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं आणि मी खाली सही केली. वाघतळीला आम्हाला चहा देणाऱ्या टपरीवालीला कोणी विचारलं नाही. बाई बेशुद्ध होत्या, त्यांना त्याच दिवशी बेळगावला हलवलं. तो जबाब पुढे मी बदलून दिला. पण त्याला नऊ वर्षं लागली.

दोन दिवसांनी पेपरात आलं. 'चालकाच्या धाडसाने महिलेचे प्राण वाचले.' बाजूला माझा फोटो, लायसनवरचा. बायकोनं कात्रण लॅमिनेट करून आणलं आणि टीव्हीच्या वर लावलं. पाहुणे आले की ती वाचून दाखवायची. मी त्या वेळी आत जायचो.

मी का विसरलो, याचा मी पुष्कळ शोध घेतला. झोप कमी होती का, पाऊस फार होता का, डोक्यात काय होतं. काही सापडलं नाही. विसरलो, एवढंच. अर्ध्या तासापूर्वी ज्या माणसानं माझा बेल्ट आवळून दिला, त्याला मी विसरलो.

वाटायचं, आज ना उद्या बाई बऱ्या होतील आणि सांगतील. पोलीस दारात येतील. पहिले काही महिने जीपचा आवाज आला तरी मी मागच्या खोलीत जायचो. कोणी आलं नाही. मी असं समजलो, की बाईंना सगळं आठवतं. आठवतं म्हणूनच त्या माझं नावही काढत नाहीत. मला तेच बरं वाटलं. पिकअप विकली, घाट सोडला आणि गडहिंग्लजमध्ये एका कुरिअरची गाडी चालवायला लागलो. आजरा माझ्या लाइनीत होता, पण चर्चमागच्या गल्लीतलं पार्सल आलं की मी ते माझ्या जोडीच्या दिलावर मुल्लाणीला द्यायचो आणि त्याच्या बदल्यात त्याची दोन घ्यायचो. "त्या गल्लीत कुत्रं आहे," मी त्याला सांगितलं होतं. त्यानं नऊ वर्षं खरं मानलं.

नवव्या वर्षी, सप्टेंबरात, दिलावरच्या बहिणीचं लग्न निघालं आणि तो चार दिवस रजेवर गेला.

त्या दिवशी गाडीत सत्तेचाळीस पार्सलं होती. सकाळपासून ऊन-पावसाचा खेळ चालला होता; वायपर लावला की ऊन, बंद केला की सर. चर्चमागच्या गल्लीतलं एकच पार्सल होतं. नाव, फिलोमिना बारदेस्कर. मी ते उलटसुलट करून पाहिलं. ते बाईंना आलेलं नव्हतं. त्यांनीच पाठवलेलं होतं, सावंतवाडीला, आणि परत आलं होतं. वर शिक्का होता: 'घेण्यास नकार'.

दारात ठेवून सही घ्यायची आणि निघायचं, असं ठरवून मी गल्लीत शिरलो. हल्ली लोकांच्या फोनवर आधीच मेसेज जातो, कोण पार्सल घेऊन येतंय त्याचं नाव असतं त्यात. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. फाटकात बाई काठी टेकून उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे, एक पाय आखूड पडत होता.

"पिराजी सुतार तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. "घाटातले?"

माझ्या तोंडून "होय" निघून गेलं.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मी किती वर्षं तुम्हाला शोधतेय. पेपरात फोटो होता, पण पत्ता नव्हता. आत या. नाही म्हणायचं नाही."

आत भिंतीवर सायमनचा फोटो होता, वर्कशॉपच्या निळ्या कपड्यांतला. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. बाईंनी चहा आणला. पार्सल त्यांनी न बघताच कपाटाखाली सरकवलं. तिथं तसलीच आणखी सात-आठ होती.

"नातीच्या वाढदिवसाला पाठवते," त्या म्हणाल्या. "परत येतं. दर वर्षी येतं."

"का?"

"लोर्ना घेत नाही. माझी मुलगी." त्यांनी ग्लासाभोवती हात धरले. "तिनं सांगितलं होतं, एसटीनं या. मी ऐकलं नाही. सायमनच्या महिन्याच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला आली, त्यानंतर या घरात आलेली नाही. म्हणाली, मम्मी, तुला गाडी येत नव्हती आणि तू पप्पांना घेऊन गेलीस. बरोबरच आहे तिचं."

"बाई..."

"नाही, बरोबर आहे. तुम्ही तिथं होतात, तुमच्यापासून काय लपवायचं?" त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "पाऊस आला ना, तेव्हा टोपलीचं झाकण उघडलं. एक कोंबडी उडून पुढे आली, माझ्या मांडीवर. मी ओरडले, सायमन हसायला लागला. सगळा गोंधळ. तिला मागे ढकलून समोर बघते तर तुमची लाइट नाही. सायमन म्हणाला, हळू हळू पुढे जा, दिसेल." त्या थांबल्या. "तुम्ही तेवढ्यातच हॉर्न दिला असणार. दोनदा. ठरलं होतं ना तसं? कोंबड्यांच्या आवाजात मला ऐकू आला नाही. पोलीस म्हणाले, टेम्पोवाल्याला तुम्ही मागे आहात हे माहीतच नव्हतं. मी म्हटलं, असं कसं? सायमन त्याच्याशी बोलला होता. मग माझी बहीण म्हणाली, अगं, घाबरून बोलला असेल बिचारा. पोलिसांना कोण घाबरत नाही? मीही पुढे काही बोलले नाही. म्हटलं, ज्यानं मला वाचवलं त्याला कशाला त्रास?"

मी ग्लास टेबलावर ठेवला. नऊ वर्षं मी धरून चाललो होतो, की या बाई मला शिव्या देत असतील. त्यातच मला एक प्रकारचा आराम होता. या बाई तर रोज उठून त्या धुक्यात माझा हॉर्न ऐकायचा प्रयत्न करत होत्या.

"मी हॉर्न दिला नव्हता," मी म्हटलं.

त्यांना ते समजलं नाही. "काय?"

"दिलाच नव्हता. विसरलो. तुम्ही मागे आहात, हेच विसरलो. गाडी आत घेतली, लाइट बंद केली, ताडपत्री बांधायला उतरलो. कोंबडी आली नसती तरी तुम्हाला काही ऐकू आलं नसतं."

बाहेर सर आली. पत्र्यावर मोठा आवाज झाला आणि लगेच थांबला.

"एकदा पण नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एक पण नाही?"

"नाही, बाई."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. तो कडेवर टेकला, आडवा झाला आणि चहा टेबलावरून त्यांच्या साडीवर ओघळला. त्यांनी तो पुसला नाही. त्यांचा चेहरा मी बघत होतो. रडतील असं वाटलं, ओरडतील असं वाटलं. त्यांचं तोंड नुसतं उघडं राहिलं होतं, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखं.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "सायमन काही बोलला होता?"

"मला विचारलं, तुम्ही पण पडलात काय. मला लागलं नाही ना, म्हणून विचारत होते. म्हणाले, आधी तिला काढा."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा आवाज वेगळा होता. शाळेतल्या बाईंचा.

"तुमचा फोन काढा."

मी काढला.

"माझ्या नंबरवरून ती उचलत नाही. तुमच्यावरून लावा. मी आकडे सांगते." त्यांनी सांगितले. नऊ वर्षं जे लागत नाहीत ते आकडे त्यांनी एका दमात सांगितले. "आवाज मोठा करून टेबलावर ठेवा. आणि आत्ता मला जे सांगितलंत, ते तिला सांगा. सगळं. एक शब्द गाळायचा नाही."

चौथ्या रिंगला फोन उचलला गेला.

"हॅलो? कोण?"

"मी पार्सलवाला बोलतोय," सवयीनं माझ्या तोंडून गेलं.

"आजऱ्याचं पार्सल ना? मी नको म्हणून सांगितलंय. परत पाठवा."

"पार्सलचं नाही, ताई. मी पिराजी सुतार. नऊ वर्षांपूर्वी वाघतळीच्या घाटात तुमच्या आईवडिलांच्या पुढे जो टेम्पो होता, तो माझा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं फोन ठेवला नाही. मी सांगायला लागलो. टपरीपासून सुरू केलं. वडिलांनी बेल्ट आवळून दिला ते सांगितलं, दोन हॉर्नचं ठरलं ते सांगितलं, मी हसून काय म्हणालो ते सांगितलं. ताडपत्री. लाइट. चावी. पोलिसांना काय सांगितलं तेही. बोलताना माझा आवाज दोन-तीनदा बसला, तेव्हा बाईंनी काठी जमिनीवर आपटली आणि मी पुढे बोललो.

माझं संपलं. मग तिनं विचारलं, "मम्मी आहे तिथं?"

बाईंनी फोन उचलून कानाला लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या हातानं मला दार दाखवलं.

मी बाहेर आलो. फोन आत, पार्सलांची यादी फोनमध्ये, त्यामुळे जाता येत नव्हतं. गाडीत बसून राहिलो. ऊन पडलं, पाऊस आला, परत ऊन पडलं. घरातून मधूनच मोठ्यानं बोलल्याचा आवाज यायचा, कोंकणीत, मला कळेल न कळेल असा. एकदा रडण्याचा आला. एकदा बाई फार रागानं काहीतरी बोलल्या; ते माझ्याबद्दल होतं की मुलीला होतं, ते समजलं नाही. शेजारची एक बाई फाटकाशी येऊन कान देऊन गेली.

दीड तासानं दार उघडलं. फिलोमिनाबाई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. साडीवर चहाचा डाग तसाच होता. त्यांनी खिडकीतून फोन पुढे केला.

"बंद पडला."

मी तो घेतला. गरम झाला होता. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मला काही ऐकायचं नाही. चार्जिंगला लावा. तिचं बोलणं अर्धं राहिलंय."

मी वायर जोडली, गाडी चालू केली. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. "बाई, आत बसता का?" मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. त्यांनी मान हलवली. त्या तशाच खिडकीला धरून पावसात उभ्या राहिल्या, नजर माझ्यावर नाही, त्या काळ्या पडलेल्या फोनवर. मीही तिकडेच बघत राहिलो.

तीन-चार मिनिटं गेली असतील. फोन उजळला, आणि पुरता चालूही झाला नव्हता तेवढ्यात वाजायला लागला.

त्यांनी खिडकीतून आत हात घातला.